शेवटच्या स्क्रूवरचा ठिपका

२ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

आशीर्वाद आहेतच, तू घे वा न घे. दोन वर्षांत माझा एकही फोन तू उचलला नाहीस, म्हणून आता पत्र. पत्राला मध्येच बंद करायचं बटण नसतं. फाडता येतं, पण अर्धं वाचल्याशिवाय कोणी पत्र फाडत नाही, असा माझा अंदाज आहे.

माफी मागायला लिहीत नाही हे आधीच सांगतो. त्या मोटारीचं जे झालं ते झालं. तुझ्या नवऱ्याचं नावही या पत्रात काढणार नाही.

बातमी अशी की मोटारी दुरुस्तीचा कारखाना मी तांबड्याच्या हवाली केला. डॉक्टर म्हणाले, छातीचं यंत्र जुनं झालंय, लोड कमी करा. आता फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दोन तास जाऊन बसतो. तांबड्या माझ्यासाठी खुर्ची पुसतो आणि मी उठेपर्यंत बाजूला ताटकळतो. त्याला कसली घाई आहे ते मला कळतं. म्हणून मी चहा सावकाश पितो.

बाकीचे पाच दिवस करायचं काय? तुझी आई म्हणाली, "घरात बसून माझ्या डब्यांची झाकणं तपासू नका, काहीतरी उद्योग काढा." मग मागच्या गॅलरीत एक यंत्र उभं केलं. खाली पाचशे लिटरची टाकी, तीत मासे. वर लोखंडी स्टँडवर पसरट वाफा, त्यात माती नाही, नुसत्या भाजक्या मातीच्या गोळ्या. पंप टाकीतलं पाणी वर चढवतो. वाफा भरत आला की सायफन आपोआप सुरू होतो आणि सगळं पाणी गटागटा खाली. दर अठरा मिनिटांनी. माशांची घाण वर जाते, गोळ्यांवर धरलेले जंतू तिचं खत करतात, ते भाजी खाते, आणि पाणी निवळून माशांकडे परत. बसून खाणारा कोणी नाही. असा कारखाना मला चाळीस वर्षांत चालवता आला नाही.

मासे साधे नाहीत, शोभेचे सोनमासे. एकाच्या डोक्यावर लाल टोपी. एक इतका गोल की पोहतो की लोळतो ते कळत नाही, त्याचं नाव बटाटा. एक काळा, डोळे बाहेर आलेला, तो बटबट्या. चौथी शेपटीचा घोळ सावरत फिरते, ती महाराणी. माशांच्या दुकानातली बाई म्हणाली, "काका, पाच-सहा आठवडे थांबा. गोळ्यांवर जंतू धरू द्या, मग मासे सोडा. नाहीतर आपल्याच घाणीत मरतील." मी म्हटलं, "बाई, रिकामं मशीन फिरवणारा माणूस मी नाही." ती म्हणाली, "मग हे चार आत्ता न्या. पुढच्या आठवड्यात आणखी चार न्यायला तुम्ही येणारच आहात."

तिच्या नाकावर टिच्चून तिसऱ्या दिवशी मासे सोडले. पालक, पुदिना, टोमॅटो, लेट्यूस लावलं.

पंप कारखान्यातलाच, चार स्क्रूंच्या झाकणाचा. झाकण बसवताना आपला नियम आठवला. जो यंत्र उघडेल त्याने बंद करताना शेवटच्या स्क्रूवर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे पुढे बिघडलं तर शेवटचा हात कोणाचा ते कळतं. त्या रंगांवरूनच पोरांची नावं पडली, तांबड्या, पिवळ्या आणि तुझा तो हिरव्या. (झालं. काढलं नाव.) एकदा तू त्या रंगांच्या छोट्या बाटल्यांनी दहा बोटांची नखं रंगवून शाळेत गेली होतीस. माझ्या पंपावर मी ठिपका दिलेला नाही. मालकाला रंग कधीच नव्हता. मालकाला विचारणार कोण?

तुझा,
बाबा


९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मासे जिवंत आहेत, पण लक्षण ठीक नाही. बाईने पाणी तपासायची नळी दिलीय. नळीत पाणी घ्यायचं, वर थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर पाण्यात विष. चार दिवस रोज जास्त हिरवं होतंय. तुझ्या आईला म्हटलं, "बघ, माझ्या नशिबात हिरवा रंग कायमचा वाईट." ती आत गेली. तिने कढई ज्या जोराने आपटली त्यावरून उत्तर मिळालं.

तिला अजून तो निर्दोष वाटतो. तुलाही. तर पुन्हा एकदा ऐक, कारण त्या दिवशी तू दार आपटून गेलीस आणि माझं बोलणं अर्धं राहिलं. मोठ्या दवाखान्याची पाण्याची मोटार हिरव्याने भरली, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळली, आणि त्यानेच बंद केली. पाच दिवसांत ती जळून परत आली. दीड दिवस वॉर्डात पाणी नव्हतं. माणसं बादल्या घेऊन जिने चढत होती. उघडून पाहिलं तर आत तारेच्या एका जोडावर झाकायची नळी चढवलेली नव्हती, तार उघडी. आणि शेवटच्या स्क्रूवर ठिपका नाही. स्क्रू पुसून स्वच्छ. तो म्हणाला, "माझा ठिपका होता. माझ्यानंतर कोणीतरी उघडलीय." मी म्हटलं, "ठिपका तूच पुसलास, अंगावर येऊ नये म्हणून. चोर कधी सही करून जातो का?" सगळे हसले. तो हसला नाही. बोलायची त्याला मुळातच सवय नाही. पिशवी उचलली आणि गेला, मागोमाग तू. ते मोटारीचं खोकं, म्हणजे बाहेरचं लोखंडी कवच, मी अजून कारखान्याच्या फळीवर ठेवलंय, पोरांना धडा म्हणून.

असो. दुसरी पंचाईत म्हणजे सायफन अडकतो. पाणी काठाला येतं, नळी घसा खाकरते, "गुर्र" करते आणि सुरूच होत नाही. मी तीनदा नळी कापून बसवली, फरक शून्य. माझ्या हाताला पाणी ऐकत नाही, मोटारीच ऐकतात. हे मी इथे कोणालाच बोललो नाही. आईसमोर म्हटलं, असाच आवाज येतो.

वरच्या मजल्यावरचे मास्तर काल जिन्यात म्हणाले, "तुमची गॅलरी दिवसभर आजारी असल्यासारखी खोकते." मी हसलो. पण त्यांच्या गॅलरीतून पाइप धरून उतरलं की आमचा वाफा हाताशी येतो, हे मी पाहून ठेवलंय.

तुझा,
बाबा


१६ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

इथे काहीतरी शिजतंय.

शुक्रवारी कारखान्यातून आलो. गॅलरीत पाऊल टाकण्याआधीच कळलं. सायफन सुरू झाला, खाकरणं नाही, गुर्र नाही, एकदाच "डुब्" आणि सरळ धार. घड्याळ लावलं. अठरा मिनिटांनी पुन्हा "डुब्". तुझ्या आईला विचारलं, "कोण आलं होतं?" ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "कोण येणार? मला काय त्यातलं कळतंय?" मी सायफनबद्दल विचारलंच नव्हतं, लक्षात घे.

मग सगळं तपासलं. नळीला जिथे कापाचा खरखरीत काठ होता, तिथे कोणीतरी घासून गुळगुळीत केलंय. वाफ्यात हात घातला. सगळ्या गोळ्या मी स्वतः बादलीत धुतल्यात, विटेसारख्या लाल. खालच्या थरात दोन-तीन मुठी गोळ्या तपकिरी, बुळबुळीत, वापरलेल्या. त्या माझ्या नाहीत. दुकानात जाऊन बाईला दाखवल्या. ती म्हणाली, "काका, ह्या जुन्या चालत्या टाकीतल्या. जंतू धरलेल्या. कोणीतरी तुमच्यावर उपकार केलेत. ह्या कोणी सहसा देत नाही." तपासायच्या नळीतलं पाणी दोन दिवसांत पिवळं झालं.

बिघडलं असतं तर संशय आला नसता. नवीन यंत्र पहिल्या महिन्यात त्रास देतंच. हे सुधारतंय, म्हणून मला झोप नाही. फुकट दुरुस्ती करून जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पहिला संशय मास्तरांवर. मी टाकीच्या आतून पेन्सिलने पाण्याच्या पातळीची रेघ मारली, आणि त्यांच्या बाजूच्या कठड्याला काळा दोरा बांधून ठेवला. दोरा आहे तसा आहे. मास्तर सुटले. उलट काल त्यांनी विचारलं, "हल्ली खोकत नाही, औषध काय दिलंत?"

आणखी एक. शुक्रवारी मोरीपाशी कप उपडे घातलेले होते. मोजले. तीन. या घरात माणसं दोन.

आता पालकाची पानं पिवळी पडायला लागलीत, फक्त नवी पानं, शिरा हिरव्या. कारण कळत नाही. हेही कोणाला बोललो नाही. तुझी आई पालकाकडे बघतही नाही, तिला माशांचा वास येतो म्हणते.

तुझा,
बाबा


२६ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

सगळं छान. पालक सुधारला, आपोआपच. टोपीवाला माझ्या हातून खातो. बटाटा अजून लोळतोच.

एकच काळजी आहे. पंपातून हल्ली बारीक घासल्याचा आवाज येतो. बेअरिंग जातंय बहुतेक. मी उघडणार होतो, पण डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय, आणि तांबड्याला सांगायचं तर तो गावभर करेल. कधीही बंद पडेल. बंद पडला तर दोन तासांत चौघे जण पोट वर करून तरंगतील. पण तुला कशाला सांगतोय, तू काय करणार? मन मोकळं केलं, एवढंच.

मंगळवारी कारखान्यात नेहमीप्रमाणे जाईनच.

तुझा,
बाबा


४ मार्च

चि. टिटवीस,

मागच्या पत्रात मी थाप मारली. पंप ठणठणीत होता. त्याच्यासारखा मऊ आवाज मी वर्षभरात ऐकलेला नाही.

झालं असं. पालक आपोआप सुधारला नव्हता. पाण्याला चहाच्या पाण्यासारखा तांबूस रंग आला होता. दुकानातली बाई म्हणाली, लोह घातलंय कोणीतरी, मोजून घातलंय. मी घरी येऊन खुर्चीत बसलो आणि आठवत गेलो. सायफनचं कोणाला सांगितलं? तुला. पालकाचं? तुला. आणि कोणालाच नाही. ज्या आठवड्यात तुला लिहितो त्याच आठवड्यात काम होतं. उत्तर येत नाही, माणूस येतो. म्हणून जे बिघडलेलंच नव्हतं ते लिहिलं, आणि फक्त तुलाच लिहिलं.

आज सकाळी चपला घातल्या, पिशवी घेतली, आईला म्हटलं "येतो", आणि खाली न उतरता अर्धा जिना वर चढलो. आमच्या गॅलरीची खिडकी जिन्याच्या बाजूला उघडते. तिथेच पायरीवर बसलो. मास्तर दूध घेऊन वर येत होते.

"काय हो, किल्ली विसरलात?"

"नाही. ऐकतोय."

"काय?"

"माझं घर."

मास्तर शेजारी बसले, दुधाची पिशवी मांडीवर. शिकवणीत आयुष्य गेलं त्यांचं, गप्प बसायची संधी त्यांना आवडली असावी.

वीस मिनिटांनी मागच्या जिन्याच्या दाराची कडी वाजली. तुझ्या आईचा आवाज: "या. चहा टाकलाय. टिटवीचा फोन आला होता काल, पंप घासतोय म्हणे."

"आवाज तर येत नाही, आई."

दोन वर्षांनी ऐकला हिरव्याचा आवाज. बारीक झालाय, पण तोच.

"ते म्हणाले म्हणजे येत असणार. त्यांचे कान ठाऊक आहेत ना तुम्हाला?"

"उघडून बघतो."

मग मला बघायची गरज उरली नाही. पहिला स्क्रू निघाला, उलट्या झाकणात पडला, टिण. दुसरा, टिण. स्क्रू जमिनीवर ठेवायचा नाही, झाकणात ठेवायचा, हे मीच त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तिसरा, चौथा, टिण टिण. मग म्हणाला, "काहीच झालेलं नाही, आई. बेअरिंग नवं आहे." चार स्क्रू परत बसले. आणि शेवटी अगदी बारीक आवाज आला, बाटलीचं बूच निघाल्याचा. मी पायरीवरून अर्धा उठलो.

तुझी आई म्हणाली, "अहो, हे कशाला? त्यांना दिसेल ना."

तो म्हणाला, "उघडला ना मी."

बस, एवढंच.

तो गेल्यावर मी कारखान्यातून आल्यासारखा घरात शिरलो. तुझ्या आईने विचारलं, "कसं होतं तिकडे?" म्हटलं, "नेहमीसारखं." ती आत गेल्यावर पंपाशी बसलो. शेवटच्या स्क्रूवर हिरवा ठिपका. ओला.

दुपारपासून तेवढंच बघतोय. हा माणूस या घरात मागच्या दाराने येतो, माझ्या वेळा बघून येतो, आपण आलो हे कळू नये म्हणून स्वतःचा कप स्वतः धुतो. न ठेवायला सगळी कारणं असताना खूण ठेवून जातो. दोन वर्षांपूर्वी कारखाना सोडला, बाटली अजून खिशात. असा माणूस स्वतःचा ठिपका पुसेल? ज्याला इथे लपता आलं नाही, तो तिथे लपला असेल?

म्हणजे तो खरं बोलत होता. त्याच्यानंतर कोणीतरी ती मोटार उघडली होती. तांबड्याने उघडली असती तर तांबडा ठिपका असता, पिवळ्याने तर पिवळा. स्क्रूवर कोणाचाच रंग नव्हता. उघडून रंग न लावणारा माणूस आमच्या कारखान्यात एकच होता.

रविवार होता. कारखाना बंद. दवाखान्याची मोटार सोमवारी जायची होती. मी तपासायला म्हणून चालू केली आणि मला आत कुठेतरी खरखर ऐकू आली. माझे कान! उघडली, पाहिली, जोडावरची नळी मागे सारली, काही सापडलं नाही, इतक्यात तुझ्या मामाचा फोन आला, बोलत बोलत बंद केली. स्क्रू फिरवताना त्याचा ठिपका निघून गेला असणार. नळी पुढे ओढायची राहिली.

हे मला तेव्हाच ठाऊक होतं का, असं तू विचारशील. मोटार परत आली आणि मी स्वच्छ स्क्रूला पेचकस लावला, तेव्हा बोटांना ठाऊक होतं. मी त्यांचं ऐकलं नाही. सगळ्यांसमोर चोराची ती गंमत करून टाकली, आणि लोक हसल्यावर मला मागे येता येईना. या दोन वर्षांत मी मास्तरांवर, तुझ्या आईवर, तांबड्यावर, दुकानातल्या बाईवर, कपांवर संशय घेतलाय. एक सोडून सगळ्यांवर.

हे पत्र उद्या टाकेन. आज पुन्हा बाहेर पडलो तर तुझ्या आईला संशय येईल.

बाबा


७ मार्च

चि. टिटवीस,

आज शुक्रवार, कारखान्यात गेलो होतो. खुर्चीवर बसलो नाही. फळीवरून दवाखान्याच्या मोटारीचं खोकं खाली काढायला लावलं. पिवळ्या म्हणाला, "धडा नवीन पोरांना द्यायचाय का, मालक?" मी म्हटलं, "नाही, जुन्याला." सगळ्यांना हातातलं काम ठेवून जवळ बोलावलं. त्या रविवारचं सगळं सांगितलं, फोनसकट. कोणी हसलं नाही. ज्या ठिकाणी त्या दिवशी हसले होते, अगदी त्याच ठिकाणी उभे होते.

मग रंगाच्या बाटल्या मागवल्या. सगळे रंग कोणाचे ना कोणाचे होते. एक पांढरा उरला होता, तो कोणी घेत नाही, लवकर मळतो म्हणून. त्याचा ठिपका खोक्याच्या शेवटच्या स्क्रूवर दिला. तांबड्या म्हणाला, "मालक, पांढरा कोणाचा?"

"आजपासून माझा."

"चाळीस वर्षांनी भरती झालात म्हणायचं."

खोकं परत फळीवर ठेवलंय. काढायचं नाही असं सांगितलंय.

आता जावईबापूंसाठी निरोप. त्यांना पत्र लिहायची माझी हिंमत नाही, म्हणून तुझ्याकडून. पंपावर त्यांच्या ठिपक्याशेजारी आता पांढरा ठिपका दिसेल. बुधवारी मी पंप उघडला होता. चूक सापडते का ते बघत होतो. जुनी खोड आहे, जायला वेळ लागेल. सापडली नाही. उलट्या झाकणात स्क्रू ठेवल्याचे चार गोल डागही तिथे आहेत, तसेच राहू दिलेत.

येत्या मंगळवारी मी कारखान्यात जाणार नाही. घरीच आहे. त्यांना म्हणावं, पुढच्या दाराने या. जिन्यात मास्तर भेटतील, ते कालपासून विनाकारण दूध आणायला खाली-वर करतायत. जे मला सगळ्यांसमोर बोलायचं होतं ते कारखान्यात बोललो. जे त्यांच्यासमोर बोलायचं आहे ते माझ्या तोंडून त्यांना ऐकावं लागेल. ते गप्प राहतील हे मला माहीत आहे. त्यांनी गप्पच राहावं. बोलायची पाळी माझी आहे.

लेट्यूस काढणीला आलंय. महाराणी माजलीय, टोपीवाल्याला खाऊ देत नाही.

तुझ्या आईला आत्ताच सगळं सांगितलं, आणि मोरीपाशी उभा राहून मंगळवारसाठी कप काढून ठेवले. तुझी आई दारातून बघत होती. म्हणाली, "चार कशाला? तुम्ही, मी आणि ते, माणसं तीन."

मी म्हटलं, "चौथीही येईल, असा मला दाट संशय आहे."

तुझा,
बाबा